डोलकाठी

रबाळे एमआयडीसी, गाळा क्रमांक अठरा.
खाली पावडर कोटिंगवाला, वर आम्ही चौघं
आणि गुडघ्याएवढं एक यंत्र,
ज्याला वरच्या फळीवरचं दिसत नाही.

तुर्भ्याच्या गोदामवाल्याची मागणी साधी:
कॅमेरा तीन मीटर वर न्या, खोक्यावरचा नंबर वाचा, खाली या.
आणि हो, मधून माणसं ये-जा करतात.
हे शेवटचं त्यांनी अगदी तळाशी लिहिलं होतं,
लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' लिहितात तसं.

पहिली काठी ॲल्युमिनियमची. एकात एक पाच नळ्या.
दिमाखात वर गेली.
वळणावर चाकांनी ब्रेक लावला
आणि वरचं वजन तसंच पुढे निघालं.
ट्यूबलाइट फुटली. यंत्र आडवं.
मढवी फिटर तिथून वीतभर अंतरावर उभे होते.
बोलले काही नाहीत.
डाव्या हाताची साडेतीन बोटं पँटला पुसली.
उरलेलं दीड वागळे इस्टेटच्या एका प्रेसकडे आहे,
ब्याण्णव सालापासून.
मग झाडू घेऊन आले.

गेटबाहेर टेम्पोच्या पाठीवर रंगवलेलं:
मोडेन पण वाकणार नाही.
चहा संपेपर्यंत मी ते तीनदा वाचलं.
शाळेत सुविचाराच्या फळ्यावर हे लिहिताना
माझी मान ताठ व्हायची.
मोडून पडेन ते कुणाच्या डोक्यावर,
हे तेव्हा विचारलं नव्हतं.

मढवी गोठिवलीचे. वडील खाडीत डोल लावायचे.
"पानी जोरान आला का काठी वाकाला पायजे, ताई.
मंग ती आपली आपन उभी ऱ्हाते."
आणि खिशातून त्यांनी टेप काढली,
पाच मीटरवाली, पिवळी, कडांना गंज.
हवेत सरकवत नेली. दोन मीटरपर्यंत
एकटी, ताठ, कुणाच्याही आधाराशिवाय.
मग खळ्ळकन मान टाकली.
बटण दाबलं. डबीत परत.

सगळा जीव त्या किंचित खोलगटपणात.
सपाट पट्टी लगेच लोळते,
पन्हाळीसारखी वळलेली उभी राहते.
आम्ही दोन फिती समोरासमोर आणल्या,
ओंजळीवर ओंजळ झाकावी तशा.
वर जाताना कडा एकमेकींत अडकतात,
खाली येताना सुटतात, दोन रिळांवर गुंडाळून झोपतात.
वजन चारशे दहा ग्रॅम.
मोटरला हट्ट शिकवला नाही:
कुणी अडवलं की ती सोडून देते.

कडांनी माझा अंगठा कापला, तेव्हा
ऐरोलीत फॉल-पिको करणाऱ्या जयमालाबाईंकडे गेले.
कापडाची लांबलचक नळी शिवून हवी होती.
"तीन मीटर उंच बाई कोण आहे तुमच्यात?"
त्यांनी विचारलं, आणि शिलाई कमी घेतली.

शनिवारी संध्याकाळी चाचणी.
रबराचा पुतळा होता. आलेखही होते,
कपाळावर किती जोर येईल, दशांशापर्यंत.
तरी मी पुतळा बाजूला केला आणि
त्याच्या जागी जाऊन उभी राहिले.
मढवींनी लाल बटणावर हात ठेवला, तोच, डावा.
यंत्र आलं. डोळे मिटायचे नाहीत ठरवलं होतं,
मिटले.

टप्पल मारल्यासारखं काहीतरी.
काठी माझ्या भुवईपाशी दुमडली,
वरचा तुकडा डोक्यावरून पलीकडे ओणवा झाला,
क्षणभर थांबला,
आणि यंत्र मागे सरताच परत उभा राहिला.
त्या प्रवासातला कॅमेऱ्याचा एकच स्पष्ट फोटो:
माझा भांग, वरून. मधोमध पांढरा होत चाललेला.
मी तो याआधी पाहिला नव्हता.

काठी अजून झुलत होती.
डोल. काठी.
खाडीकाठच्या कुणीतरी केव्हाच
नावातच लिहून ठेवलं होतं,
आणि मी आठ महिने इंग्रजीत शोधत बसले.

स्थिर व्हायला अकरा सेकंद लागतात.
गोदामवाल्याला चार हवेत.
मढवी म्हणाले, सोमवारी बघू,
आणि तिला हात न लावता
पूर्ण थांबेपर्यंत उभे राहिले.